दोर ताणलेला की ढिला : ‘बंधन’ या संकल्पनेची सोपी ओळख

चोपड्याकडचा केळी उत्पादक ‘पानी कमी शे’ म्हणतो. एकेरी मार्गावरचा स्टेशन मास्तर ‘पुढचा सेक्शन मोकळा नाही’ म्हणतो. पतपेढीतला कारकून ‘सभासद क्रमांक टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे सरकत नाही’ म्हणतो, आणि घरात कोणीतरी ‘या महिन्यात हात आखडता घ्यावा लागेल’ असे सुनावते. चारही वाक्यांचा सूर तक्रारीचा आहे, आणि बोलताना आपण त्या सर्वांना मर्यादा, अडचण, अट किंवा नाइलाज यांपैकी जे नाव आधी सुचेल ते देतो. गणित, यंत्रशास्त्र, अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्र यांनी मात्र या तक्रारीतला सूर बाजूला काढला आणि तिच्या आत असलेला नेमका अर्थ तेवढा ठेवला. या लेखात त्या अर्थासाठी ‘बंधन’ हा एकच शब्द वापरला आहे.

शक्य असलेल्या सर्व पर्यायांपैकी कोणते चालतील आणि कोणते चालणार नाहीत हे सांगणारी अट म्हणजे बंधन. चालणाऱ्या पर्यायांमध्ये चांगला कोणता, हे बंधन सांगत नाही. ते काम उद्दिष्टाचे. ‘बंधाऱ्याचा खर्च पन्नास लाखांच्या आत राहिला पाहिजे’ हे बंधन आहे, तर ‘खर्च होईल तितका कमी करा’ हे उद्दिष्ट आहे. पहिल्या सूचनेनुसार एकोणपन्नास लाखांचा मजबूत बंधारा हा तीस लाखांच्या साध्या बंधाऱ्यापेक्षा निश्चितच चांगला ठरू शकतो. दुसऱ्या सूचनेनुसार तो कधीच ठरणार नाही. कागदावर दोन्ही सूचना ‘खर्चाची मर्यादा’ याच मथळ्याखाली येतात, आणि मग काम करणारा एक अर्थ घेतो व तपासणारा दुसरा. सरकारी आणि सहकारी कामांमधले अर्धे वाद या एका गोंधळातून निर्माण होतात, असे माझे मत आहे.

ही व्याख्या समजली तरी खरा प्रश्न शिल्लक राहतो. एखाद्या माणसाभोवती, शेताभोवती किंवा यंत्राभोवती एकाच वेळी अनेक बंधने असतात. त्यांपैकी या क्षणी खरोखर अडवत आहे ते कोणते, आणि ते किती जोराने अडवत आहे? रोजच्या बोलण्यात याचे उत्तर ‘सगळीकडूनच अडचण आहे’ असे मिळते. तांत्रिक शास्त्रांचे उत्तर जास्त सावध आहे, आणि ते समजून घेण्यासाठी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

झोक्याचा दोर काय करतो

आखाजीला निंबाच्या फांदीला बांधलेला झोका पुढे-मागे जातो, तेव्हा त्याच्या पाटाची जागा सांगण्यासाठी खरे तर दोन आकडे लागायला हवेत : तो फांदीच्या किती पुढे किंवा मागे आहे, आणि जमिनीपासून किती उंच आहे. परंतु दोर ताठ असेल तर फांदीपासून पाटाचे अंतर ठरलेले असते, त्यामुळे दोर उभ्या रेषेशी किती अंशांचा कोन करतो एवढे सांगितले की जागा पूर्ण कळते. दोराने एक अट घातली आणि दोन आकड्यांच्या जागी एक उरला. उरलेल्या या मोकळिकीला इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ‘डिग्री ऑफ फ्रीडम’ म्हणतात. हतनूरच्या जलाशयातल्या होडीची जागा आणि तोंडाची दिशा सांगायला तीन आकडे लागतात. जळगावहून भुसावळकडे निघालेल्या गाडीला, ती कोणत्या मार्गिकेवर आहे हे ठाऊक असले की, किलोमीटरचा एक आकडा पुरतो. बाकीची सर्व मोकळीक रुळांनी काढून घेतली आहे, आणि ती काढून घेतली म्हणूनच पन्नास-साठ डब्यांची मालगाडी, एकाही डब्यात सुकाणू नसताना, वळणावर इंजिनामागे निमूटपणे वळते.

सर्व बंधने जागेवरच असतात असे नाही. बैलगाडीचे चाक पुढे-मागे फिरते, पण ते आडवे सरकत नाही. हे बंधन गतीवर आहे. कोणत्याही क्षणी गाडी बाजूला जाऊ शकत नाही, तरीही पुढे घे, मागे घे, पुन्हा वळव असे करत गाडीवान ती खळ्यातल्या कोणत्याही कोपऱ्यात नेऊन उभी करतो. क्षणाक्षणाला अडवणारे बंधन शेवटी कोणतीच जागा अडवत नाही, हे वाटते त्यापेक्षा खोल विधान आहे. यंत्रशास्त्रात अशा बंधनांना नॉन-होलोनॉमिक असे जड नाव आहे, आणि चाकांवर चालणाऱ्या यंत्रमानवाला मार्ग शिकवताना त्यांचाच हिशेब ठेवावा लागतो. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली उलटी लावणारा चालक हा हिशेब कागदाशिवाय करत असतो.

आता दोराच्या जोराकडे पाहू. झोका ठरलेल्या वर्तुळावरून बाहेर जाऊ नये म्हणून दोराला ओढावे लागते, आणि ही ओढ सतत बदलते. झोका 60 अंशांवर नेऊन सोडला, तर सोडण्याच्या क्षणी दोरावर बसणाऱ्याच्या वजनाच्या निम्माच ताण असतो, पण तळाशी येताना तो वजनाच्या दुप्पट होतो. दोर आडवा होईपर्यंत, म्हणजे 90 अंशांपर्यंत, नेऊन सोडला तर तळाशी ताण तिप्पट होतो. फांदी निवडताना म्हातारी माणसे नुसते वजन पाहत नाहीत, याला म्हणूनच अर्थ आहे. बंधन एकच, दोराची लांबी तीच, परंतु ते पाळायला लावण्यासाठी लागणारा जोर परिस्थितीनुसार वेगळा असतो. जोझेफ लाग्रांज या गणितज्ञाने 1788 मध्ये यंत्रशास्त्राची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात हा जोर शोधण्याची एक सुबक रीत आहे : प्रत्येक बंधनाला एक अज्ञात गुणक जोडायचा आणि समीकरणे सोडवायची. झोक्याची गती मिळतेच, शिवाय तो गुणक दोराचा ताण सांगतो.

यातली एक बारीक गोष्ट पुढे फार उपयोगाची आहे. दोर काठीसारखा नसतो. तो फांदीपासून पाटाला दूर जाऊ देत नाही, पण जवळ येण्यास मनाई करत नाही. उत्साही पोराने झोका फांदीच्या उंचीपेक्षाही वर नेला आणि तिथे त्याचा वेग कमी पडला, तर दोर ढिला पडतो आणि क्षणभर तो नसल्यासारखाच असतो. म्हणजे दोराचे बंधन ‘अंतर इतकेच’ असे नसून ‘अंतर इतक्यापेक्षा जास्त नाही’ असे आहे. त्यावरून एक साधा नियम निघतो : दोरात ताण असेल तर तो पूर्ण लांबीपर्यंत ताठ झालेला असलाच पाहिजे, आणि दोर ढिला असेल तर ताण शून्य असलाच पाहिजे. ढिला दोर ओढू शकत नाही.

दहा एकर आणि पाण्याचे बावीस वाटे

हाच नियम शेताला लावून पाहू. पुढचे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले, काल्पनिक आहेत. प्रत्यक्ष खर्च आणि भाव यांच्याशी त्यांची तुलना करू नये. एका शेतकऱ्याकडे 10 एकर जमीन आहे. विहीर आणि बोअर मिळून हंगामभरात पाण्याचे 22 वाटे मिळतात. हाताशी 9 लाख रुपये भांडवल आहे. केळीला एकरी पाण्याचे 4 वाटे आणि 1 लाख 20 हजार रुपये लागतात, तर नफा 1 लाख मिळतो. कापसाला एकरी 1 वाटा आणि 30 हजार रुपये लागतात, तर नफा 40 हजार मिळतो. किती एकर केळी लावावी?

सगळी केळी लावावी म्हटले तर पाणी साडेपाच एकरांतच संपते आणि साडेचार एकर पडीक राहतात. नफा साडेपाच लाख. सगळा कापूस लावला तर जमीन पुरती वापरली जाते, पण पाण्याचे 12 वाटे शिल्लक राहतात. नफा चार लाख. सर्वांत फायद्याचे उत्तर 4 एकर केळी आणि 6 एकर कापूस हे आहे. तेव्हा जमीन पूर्ण वापरली जाते, पाण्याचे 16 आणि 6 मिळून 22 वाटेही पूर्ण लागतात, आणि नफा 6 लाख 40 हजार होतो. भांडवल मात्र 6 लाख 60 हजारच लागते. 2 लाख 40 हजार रुपये हातात राहतात. जमिनीचा आणि पाण्याचा दोर ताठ आहे, भांडवलाचा ढिला आहे.

आता तोच शेतकरी ‘पैसा कमी पडतो’ म्हणून कर्ज काढायला निघाला, तर हिशेब त्याला थांबवेल. या परिस्थितीत भांडवलात आणखी एक लाख आले तरी नफ्यात एक रुपयाही वाढत नाही. पाण्याचा एकच वाटा जास्त मिळाला तर मात्र केळी एक तृतीयांश एकराने वाढवता येते, तितकाच कापूस कमी होतो आणि नफा 20 हजारांनी वाढून 6 लाख 60 हजार होतो. याचा अर्थ असा, की पाण्याच्या त्या वाढीव वाट्यासाठी 20 हजारांपर्यंत कितीही रक्कम मोजणे परवडते आणि त्याहून जास्त मोजणे परवडत नाही. अर्थशास्त्रात या आकड्याला छाया किंमत म्हणतात. ती बाजारात कोणी सांगितलेली नसते. ती बंधनाच्या ताणातून निघते. येथे भांडवलाची छाया किंमत शून्य आहे.

जमिनीची छाया किंमत काढली तर आणखी एक गंमत दिसते. पाणी तेवढेच ठेवून एक एकर जमीन वाढवली, तर नफा याही वेळी 20 हजारांनीच वाढतो, पण केळीचे क्षेत्र 4 एकरांवरून सुमारे 3.67 एकरांवर उतरते आणि कापूस 7.33 एकर होतो. जमीन वाढली आणि केळी घटली. वाढीव जमिनीला थोडे तरी पाणी द्यायचे तर ते केळीकडूनच काढावे लागते, हे एकदा लक्षात आले की नवल उरत नाही, पण अंदाजाने निर्णय घेणारा माणूस बहुधा याच्या उलट करतो.

छाया किंमत कायमची नसते, हेही याच उदाहरणात दिसते. पाणी वाढवत नेले तर 30 वाट्यांपर्यंत प्रत्येक वाटा 20 हजारांचाच राहतो. 30 वाट्यांना केळी सुमारे 6.67 एकरांवर पोहोचते, आणि तिथे 9 लाखांचे भांडवल पूर्ण संपते. त्यापुढे पाणी कितीही आले तरी उपयोग नाही. पाण्याचा दोर ढिला पडला आणि भांडवलाचा ताठ झाला. मघाशी निरर्थक असलेले कर्ज आता कामाचे ठरते. ‘शेतकऱ्याची खरी अडचण कोणती, पाणी की पैसा’ या वादाला एकच उत्तर नसते, ते यामुळे.

बारावीच्या गणितात आलेख काढून सोडवायला दिले जाणारे लिनिअर प्रोग्रॅमिंग ते हेच. लिओनिद कांतोरोविच या रशियन गणितज्ञाकडे लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगाचा यंत्रांना काम वाटून देण्याचा प्रश्न आला होता, आणि 1939 मध्ये त्याने या प्रकारच्या प्रश्नांची रीत मांडली. त्याच्या गुणकांना किमतीचे रूप होते, आणि वस्तूची किंमत श्रमातून ठरते असे मानणाऱ्या राज्यव्यवस्थेत टंचाईतून किंमत काढणारे गणित अनेक वर्षे संशयाने पाहिले गेले. पुढे 1975 मध्ये चालिंग कूपमन्स यांच्याबरोबर त्याला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये ‘सिम्प्लेक्स’ ही पद्धत शोधली, जी हजारो बंधनांचे हिशेबही पायरीपायरीने सोडवते.

या पद्धतीची पहिली मोठी परीक्षा आहाराच्या प्रश्नावर झाली. जॉर्ज स्टिगलर यांनी 1945 मध्ये 77 खाद्यपदार्थ आणि 9 पोषक घटक घेऊन, एका माणसाचे वर्षभराचे सर्वांत स्वस्त पोषण किती रुपयांत, म्हणजे अर्थातच किती डॉलरांत, होईल याचा अंदाज बांधला होता. 1939 च्या भावाने तो 39.93 डॉलर आला. 1947 मध्ये नऊ कारकुनांनी हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर तोच प्रश्न सिम्प्लेक्सने सोडवला, त्याला सर्वांचे मिळून 120 दिवसांचे श्रम लागले, आणि नेमके उत्तर 39.69 डॉलर निघाले. पण स्टिगलर यांच्या आहारात होते काय? मुख्यतः गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि घेवड्याचे वाळवलेले दाणे. चवीची अट कोणी लिहिलीच नव्हती, त्यामुळे गणिताने ती पाळली नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन वाढलेल्या माणसाने हा हिशेब केला असता तर पहिल्याच दिवशी एक बंधन वाढवले असते.

डँट्झिग यांनाही हा धडा मिळाला. डॉक्टरांनी वजन कमी करण्यास सांगितल्यावर त्यांनी स्वतःचा आहार संगणकाकडून ठरवून घेण्याचा प्रयत्न केला, आणि संगणकाने इतर पदार्थांबरोबर 500 गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितले. व्हिनेगर वगळल्यावर त्याने दिवसाला सूपच्या 200 वड्या सुचवल्या. यंत्राचे काही चुकले नव्हते. ‘कोणत्याही एका पदार्थाचे प्रमाण इतक्यापेक्षा जास्त नको’ असे त्याला सांगायचे राहिले होते. माणसांच्या व्यवहारात अशी शेकडो बंधने न बोलता पाळली जातात, आणि यंत्राला काम सोपवताना नेमकी तीच लिहायची राहतात.

झोक्याचा दोर आणि पाण्याचे वाटे यांतले साम्य केवळ वर्णनाचे नाही. लाग्रांजचा गुणक यंत्रशास्त्रात ताण मोजतो आणि अर्थशास्त्रात छाया किंमत. दोन्हीकडची समीकरणे एकाच घडणीची आहेत. ‘पेक्षा जास्त नाही’ या प्रकारच्या बंधनांसाठी तो नियम विल्यम कारुश यांनी 1939 मध्ये शिकागोतल्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात लिहिला होता, पण त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. हॅरल्ड कुन आणि अल्बर्ट टकर यांनी 1951 मध्ये तो स्वतंत्रपणे मांडला, आणि बऱ्याच काळाने कारुश यांचे नाव त्यांच्या आधी जोडले गेले. नियमाचा गाभा मात्र झोक्यावरच्या पोराला कळेल असा आहे : बंधन पूर्ण वापरले गेले नसेल तर त्याची किंमत शून्य.

कारखान्यात एकच दोर

शेतात दोन दोर एकाच वेळी ताठ होते. एकामागून एक टप्पे असलेल्या कामात बहुधा एकच असतो. खानदेशातल्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी होते, रुई पुढे जाते आणि प्रेसमध्ये तिच्या 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात. समजा, जिन यंत्रे तासाला 12 गाठींची रुई काढतात आणि प्रेस 10 गाठीच बांधते. मालकाने आणखी चार जिन बसवले तरी गाठी तासाला 10 च निघतील. वाढेल तो प्रेससमोरचा रुईचा ढीग, आणि रुईचा ढीग म्हणजे आगीला आमंत्रण. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात कारखानदारांना हेच पटवले, की अडणाऱ्या टप्प्यावर वाया गेलेला तास हा सर्व कारखान्याचा वाया गेलेला तास असतो आणि इतरत्र वाचवलेला तास हा कागदावरच वाचतो. हंगाम सरत आला की हे बंधन कारखान्याच्या भिंतीबाहेर जाते : प्रेस मोकळी, जिन मोकळे, आवकच नाही. त्या काळात यंत्रांच्या कार्यक्षमतेवर बैठका घेणे म्हणजे ढिला दोर आणखी ढिला करणे होय.

पिकाच्या पोषणातही असेच घडते, हे रसायनशास्त्रज्ञ युस्टस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय केले. जमिनीत जस्त कमी असेल तर युरियाची गोणी वाढवून उत्पन्न वाढत नाही. माती परीक्षणाचा अहवाल वाचताना कोणता घटक सर्वांत जास्त अडवतो आहे, हे आधी पाहावे लागते, ते यासाठीच.

जिथे मोजमाप नसते

आतापर्यंतची बंधने आकड्यांची होती. संगणकशास्त्रात बरीच बंधने केवळ हो किंवा नाही या प्रकारची असतात. नकाशा रंगवताना शेजारच्या दोन जिल्ह्यांना एकच रंग द्यायचा नाही, एवढी अट घ्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार यांना दोन रंग पुरतात, कारण जळगाव आणि नंदुरबार यांची हद्द एकमेकांना लागत नाही. नाशिक जोडले की जळगाव, धुळे आणि नाशिक हे तिघेही परस्परांचे शेजारी असल्याने तिसरा रंग लागतो, नंदुरबारला मात्र जळगावचाच रंग देता येतो. सपाट कागदावरच्या कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात, हे केनेथ अपेल आणि वोल्फगँग हाकेन यांनी 1976 मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध केले. शाळेचे वेळापत्रक हा याच जातीचा प्रश्न आहे : एक शिक्षक एकाच तासाला दोन वर्गांत नको, प्रयोगशाळा एकाच तुकडीला, आणि अर्धवेळ शिक्षकाचे सर्व तास सकाळी. हे वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकाला शाळेत जेवढा मान मिळतो त्यापेक्षा जास्त मिळायला हवा.

पतपेढीच्या संगणकातली बंधने मात्र उत्तर शोधण्यासाठी नसतात. ती चुकीची नोंद आत येऊ न देण्यासाठी असतात. सभासद क्रमांक रिकामा चालणार नाही, एकच क्रमांक दोघांना चालणार नाही, आणि जो क्रमांक सभासदांच्या यादीतच नाही त्याच्या नावावर कर्ज टाकता येणार नाही. हे तीन नियम डेटाबेसमध्ये लिहिलेले असले, तर घाईत असलेला कारकून आणि हेतुपुरस्सर खोटी नोंद करणारा माणूस या दोघांनाही यंत्र एकाच थंडपणे नकार देते. त्या नकाराचा त्रास होतो हे खरे, पण नियम नसता तर तोच त्रास वर्षअखेरीच्या लेखापरीक्षणात कित्येक पटींनी झाला असता.

ठाम आणि लवचीक

काही बंधने मोडायचीच नसतात आणि काही मोडली तर दंड भरून पुढे जाता येते. एकेरी रेल्वेमार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांना एकाच वेळी एका सेक्शनमध्ये सोडायचे नाही, हे पहिल्या प्रकारचे बंधन आहे. गाडी वेळेवर पोहोचली पाहिजे, हे दुसऱ्या प्रकारचे. पहिले पाळण्यासाठी दुसरे मोडावे लागते, आणि चाळीसगाव-धुळे मार्गावर मध्येच थांबून राहिलेल्या गाडीतला प्रवासी ज्या उशिराला शिव्या देतो, तो उशीर पुष्कळदा ठाम बंधनाने लवचीक बंधनाकडून घेतलेला मोबदला असतो. गणित मांडताना ठाम बंधन अट म्हणून लिहितात आणि लवचीक बंधनाचा दंड उद्दिष्टात मिळवतात. दोन्ही एकाच यादीत लिहिली की एक तर सुरक्षिततेची घासाघीस सुरू होते, नाही तर किरकोळ गोष्टीसाठी सगळे अडून बसतात.

ठाम म्हणून लिहिलेले बंधन व्यवहारात लवचीक निघाले तर काय होते, याचा अभ्यास हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी केला. समाजवादी व्यवस्थेतल्या सरकारी कंपन्यांना जमाखर्च सांभाळण्याचे बंधन कागदावर होते, पण तोटा झाला की सरकार तो भरून देत असे, आणि हे व्यवस्थापकांना आधीपासून ठाऊक असे. कोर्नाई यांनी याला लवचीक अंदाजपत्रकी बंधन म्हटले. दोर ताठ दिसतो, पण जोर दिला की लांब होतो. मग काटकसर करण्याचे कारणच उरत नाही, आणि मागणी फुगून टंचाई कायमची होते. ही लक्षणे ओळखण्यासाठी महाराष्ट्रातल्या सहकाराच्या जाणकाराला बुडापेस्टपर्यंत जाण्याची गरज नाही.

उत्तरच नसते तेव्हा

कधीकधी सर्व बंधने एकत्र पाळणारा एकही पर्याय नसतो. वेळापत्रक कितीही फिरवले तरी बसत नाही; टंचाईच्या वर्षी पिण्याचे पाणी, उसाचे पाणी आणि गव्हाचे पाणी यांची बेरीज धरणातल्या साठ्यापेक्षा जास्त होते. अशा वेळी चांगले सॉफ्टवेअर नुसते ‘उत्तर नाही’ म्हणून थांबत नाही. ते परस्परांशी भांडणाऱ्या अटींचा असा लहानात लहान गट काढून दाखवते, ज्यातली कोणतीही एक सोडली की त्या गटातले भांडण मिटते. कोणती सोडायची ते मात्र यंत्र सांगू शकत नाही. तो निर्णय माणसांचा असतो, आणि तो टंचाई आल्यावर घ्यायचा की आधीच घेऊन ठेवायचा, यावर बरेच अवलंबून असते.

पांझरा, मोसम आणि गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांतल्या फड पद्धतीत तो आधीच घेऊन ठेवलेला आढळतो. तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेल्या या पद्धतीत नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी काढतात आणि त्याखालचे क्षेत्र साधारणपणे तीन-चार फडांत विभागतात. एका फडात एकच पीक घेतले जाते, पीक कोणते हे शेतकरी मिळून पाण्याच्या अंदाजावरून ठरवतात, ऊस एका फडात असेल तर तो पाळीने दुसऱ्या फडात जातो, आणि पाणी देण्याचे काम शेताचा मालक न करता गावाने नेमलेला पाटकरी करतो. आपल्या शेतात आपल्या मर्जीचे पीक नाही आणि आपल्या हाताने पाणी नाही, म्हणजे बंधने कडकच म्हणायची. पण शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत थोडीथोडी असावी, अशी या पद्धतीची रचना आहे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवतात. त्यात प्रत्येकाचा काही भाग पडीक राहतो आणि उरलेल्या फडांमध्ये प्रत्येकाचा काही भाग पिकतो. कोणाचे शेत सोडायचे, हा प्रश्न त्या वर्षी उभा राहत नाही. कोणता फड सोडायचा, एवढेच हंगामाच्या आधी बसून ठरवावे लागते.